आपली फौज कोणाकडून?

मास्तरांच्या खोलीत किस्से तपासायच्या पेपरांसारखे साठतात. हात कोणी लावत नाही, गठ्ठा वाढतच जातो! आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत सगळ्यात मोठा गठ्ठा लंकेचा. सत्त्याऐंशी साली आपली शांतिसेना तिकडे गेली, तिच्यात इतिहासाच्या बागडे सरांचा मुलगा मिलिंद होता. तो सुखरूप परतावा एवढंच सगळ्यांच्या मनात. पण तो लढतोय कोणाशी, हे एकालाही कळेना.

*

भूगोलाचे ढोबळे सर म्हणाले, "थांबा, समजावतो." खडूचा डबा म्हणजे कोलंबोचं सरकार, चहाचा कप म्हणजे जाफना. "सरकार आपलं दोस्त. जाफन्यातले लढणारे तमिळबी कालपर्यंत आपलेच. भांडण त्या दोघांचं. आपण सोडवायले गेलो, तं आता आपलीच त्यांच्याशी जुंपली!"

"मग डबा काय करून राहिला?" बागडे सरांनी विचारलं.

ढोबळे सरांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. तेवढ्यात हेडमास्तर आले आणि बोलता बोलता जाफना पिऊन गेले!

*

एकदा फौजेची गाडी स्टेशनात थांबली. आम्ही संत्र्यांच्या टोपल्या घेऊन धावलो. गाडी उत्तरेला, इटारसीच्या दिशेनं हलली तसे ढोबळे सर ओरडले, "अरे, लंका उस तरफ है!"

खिडकीतला जवान संत्रं सोलत म्हणाला, "मालूम है मास्टरजी, छुट्टी पे घर जा रहे हैं!"

बागडे सर एकेक डबा पाहत फलाटाच्या टोकापर्यंत गेले. मिलिंद नव्हता.

*

बागडे बाईंना लंकेतला बोधिवृक्ष पाहायची फार इच्छा. त्या सरांना म्हणाल्या, "तिथं बुद्धाले मानणारे लोक राहतात नं? मग माह्या पोरानं बंदूक कोणावर धरली?"

"त्यांच्यावर नाही वं, दुसऱ्यांवर."

"त्यांनी आपलं काय केलं?"

"फौजेले माहीत."

"मग आमालेबी सांगा म्हणा. तवर पोराले घरी धाडा!"

मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी ढोबळे सरांनी देशाचं संरक्षण-धोरणच ठरवून टाकलं. "शेजाऱ्याच्या भांडणात पडाचंच नाही!" त्याच दुपारी आठवीतल्या दोन पोट्ट्यांची मारामारी सोडवायला गेले आणि फाटका शर्ट घेऊन परत आले.

*

पोळ्याला मिलिंद सुट्टीवर आला. सगळ्यांशी बोले, तिकडचं विचारलं की मात्र विषय बदले. दुसऱ्या दिवशी आमची गोटमार. जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेल्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड, दरवर्षीची प्रथाच. मिलिंदचं घर पांढुर्ण्यात, आजोळ सावरगावात.

तो नुसता बघत उभा होता. पात्रात एक जण पडला, आणि हा त्याला उचलायला उतरला. झालं! सावरगावला वाटलं, झेंडा न्यायला आला. पांढुर्ण्याला वाटलं, आजोळाला फितला. दोन्हीकडून दगड!

माणसाला त्यानं बाहेर काढलं, पण स्वतःचं कपाळ फुटलं. बाई रडत रडत हळद दाबत होत्या. संध्याकाळ झाली तसे दगड थांबले, दोन्ही काठांची माणसं मिळून झेंडा चंडीच्या देवळात घेऊन निघाली.

ढोबळे सरांना राहवलं नाही. "बाबू, तिकडं लंकेत नेमकं काय होऊन राहिलं रे?"

मिलिंद त्या सुट्टीत पहिल्यांदा हसला.

"इथं बरं हाय, सर. संध्याकाळी सुट्टी होते!"