टिकणारा प्रकल्प कसा ओळखला

पिपरी मेघेतल्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघंच. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात सरांनी मला एक काम दिलं. खेड्यांतल्या काही छोट्या दवाखान्यांत रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. ते नव्याने लिहायचं नव्हतं, ओपन सोर्स घ्यायचं होतं. म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही वापरावं आणि सुधारावं असं. दोन प्रकल्प समोर होते.

"कोणता टिकेल ते सोमवारी सांगा," सर म्हणाले. "दोन वर्षांनी तो बंद पडला तर दवाखान्यातल्या सिस्टर फोन करतील, आणि तो फोन मी तुमच्याकडे देईन."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. माझ्या शब्दावर दवाखाने चालणार याचा आनंदही झाला आणि धास्तीही वाटली.

मी आधी सोपा रस्ता धरला. एका प्रकल्पाला लोकांनी पसंतीचे हजारो स्टार दिले होते, दुसऱ्याला फार थोडे. पहिला मनात पक्का करून शनिवारी गावी गेले.

बाबा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. आमच्या गावातली पाच घरं एकाच गाडीत वर्ध्याला भाजी पाठवतात. माझं काम ऐकून बाबांनी विचारलं, "त्यातला मुख्य मानूस बिमार पडला तर काम कोन पाह्यते?"

"ते नाई पाह्यलं."

"मंग काय पाह्यलं व पोरी? पल्याडच्या गटात एकटाच हुशार होता. तो पोरीच्या लग्नाले गेला, अन् चार घरचे वांगे गावातच राह्यले."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अन् नव्या मानसाशी कसे बोलतेत तेही पाह्यजो. तुह्या बापानं पैल्या दिवशी गाडी उलटी भरलती. टमाटर खाली, कोहळे वर."

"ते काऊन सांगून राह्यली आता?"

"कोनी हासलं नाई म्हणून सांगून राह्यली. हासले असते तर तुमी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते."

बाबा मेथीकडे पाहत हसले.

मी लॅपटॉप उघडून दोन्ही प्रकल्पांच्या कोडमध्ये वर्षभरात झालेले बदल पाहिले. स्टारवाल्या प्रकल्पात जवळजवळ प्रत्येक बदल एकाच माणसाने स्वीकारलेला, आणि तो उन्हाळ्यापासून गप्प. लोकांचे प्रश्न एकाखाली एक तसेच पडलेले. दुसऱ्यात सहा-सात जण आलटून पालटून काम पाहत होते. मध्ये त्यांचा मोठा वाद झाला होता, पण सगळा उघड्यावर. शेवटी काय ठरलं आणि का, तेही लिहून ठेवलेलं.

राहिलं नवं माणूस. ते मीच होते. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही अशा म्हाताऱ्या माणसांची नोंद कशी करायची, हे मी दोन्ही प्रकल्पांच्या चर्चेच्या पानांवर इंग्रजीतून विचारलं. औपचारिक लिहायचं म्हणजे मला शाळेतला रजेचा अर्ज पाठ. 'आदरणीय महोदय', मग विषय, शेवटी 'आपली आज्ञाधारक'. पाठवल्यावर दिसलं की इथे सगळे एकमेकांना दोन ओळींत लिहितात. लाजून लॅपटॉप मिटला.

रविवारी दुपारी पाहिलं तर पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात दोन उत्तरं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या बाईंनी लिहिलं होतं, इथे कोणी महोदय नाही, पण इतका नीट मांडलेला प्रश्न बऱ्याच दिवसांनी वाचला. तारीख सक्तीची ठेवली ही आमची चूक. त्याखाली आणखी एकाने, बदल कुठे करावा लागेल ते दाखवून विचारलं होतं, तुम्हीच करून पाहता का? अडलात तर आम्ही आहोत.

मी ते आईला मराठीत सांगितलं.

"हासले नाई न?"

"नाई."

"मंग जाय त्यायच्यासंग."

सोमवारी मी कमी स्टारवाला प्रकल्प सुचवला. सर म्हणाले, "स्टार तर पहिल्याला जास्त आहेत." मी सगळं सांगितलं, अर्जासकट. त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, "तो बदल सुरू केला का?"

"केलाय, सर."

"पूर्ण करा. हाच बसवू."

माझ्या कोडमध्ये त्या लोकांनी तीन चुका दाखवल्या, तिन्ही समजावून. आठवड्याभरात बदल स्वीकारला गेला. पुढे पहिल्या दवाखान्यात सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा मी सिस्टरच्या मागे उभी होते. त्यांनी एका आजींना वय विचारलं.

"असंन सत्तर. नाईतर पंच्याहत्तर."

सिस्टरने अंदाजे वय टाकलं, बटण दाबलं, आणि आजींची नोंद झाली.