पाटी पुसलेला कॉम्प्रेसर

"माहीत नाही ना? मंग थांब." समोर कोणीही असो, मावशी एवढंच म्हणायची आणि तेलाचा थेंब दोन बोटांत चोळत बसायची.

पंक्चरची दुकानं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. देऊळघाट रस्त्यावरचं आमच्या गावातलं दुकान मात्र ही बाई चालवायची. नवरा गेल्यावर दुभती म्हैस विकून तिनं लिलावातला जुना कॉम्प्रेसर आणला. पाटीवरची अक्षरं पुसलेली. आत कोणतं तेल चालतं, कोणालाच ठाऊक नाही. तो जाम झाला असता तर दुसरा घ्यायला म्हैस उरली नव्हती.

शेजारचा ट्रॅक्टरवाला हसायचा. "टाक ना वं मावशे इंजिन ऑइल! माह्या ट्रॅक्टरले काय झालं त्यानं?"

"तुह्या ट्रॅक्टरले हवा कोंडून ठेवा लागते का बे?"

गिऱ्हाईक परत जात होतं, पण मशीन बंदच. बुलढाण्यातल्या एका दुकानदारानं तिला अडुसष्ट नंबरचं तेल सांगितलं, दुसऱ्यानं दीडशेचं; नंबर जितका मोठा तितकं तेल दाट. आकड्यांचा घोळ, आणि गावात मी चार बुकं शिकलेला, म्हणून ती माझ्याकडे आली. मी माहितीपत्रकं वाचून सांगितलं, "पिस्टनचं मशीन, वर टिनाच्या छपराचा ताव. शंभर नंबरचं कॉम्प्रेसर ऑइल, बहुतेक."

"बहुतेक नोको, भाऊ. पक्कं कर."

मी चिखलीच्या एका फिटरला मशीनचे फोटो पाठवले. त्यानं दोन प्रश्न विचारून शंभरच सांगितलं. इंजिन ऑइलनं आत काजळी धरते, असंही बजावलं.

मावशीनं खालचं झाकण उघडून काळा गाळ फडक्यानं पुसला. नवं तेल भरलं, हवा न कोंडता मशीन थोडं फिरवलं आणि ते सगळं तेल काढून टाकलं.

"अवं, नवं तेल सांडून राह्यली!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"भांडं इसळल्याबिगर दूध ठेवतं का तू?"

पुन्हा तेल भरून तिनं बटण दाबलं. आम्ही दाबाच्या काट्याकडे पाहत होतो. ती तेल दिसायच्या गोल काचेकडे. त्या मशीनवर तिनं लेकीचं शिक्षण केलं, लग्न केलं.

मागच्या वर्षी मावशी गेली. दुकान ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं. परवा सायकल घेऊन गेलो तर मशीन बंद, दारात दोन जीपवाले कुरकुरत उभे. पत्र्यावर खडूनं लिहिलं होतं: "आज हवा नाही. तेल यायचं आहे."