रस्त्यातला चर आणि तारामतीचं चाक

तारामतीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मुखेडच्या बसस्थानकासमोर, एका जीपवाल्याला झापताना. जीप तिच्या सायकलच्या हँडलला घासून गेली होती.

"मावशी, जरा कडंनं चालवा की," तो म्हणाला.

"तुझ्या मावशीच्या अंगावर बी अशीच घालतोस का गाडी?" असं विचारून ती जीपचा नंबर मोठ्यानं वाचू लागली. भोवतीची माणसं हसली. जीपवाला हसला नाही. त्यानं जीप मागं घेतली.

त्याच आठवड्यात ती आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून रुजू झाली. माझी निवृत्ती जवळ आली होती. तिचा नवरा लातूरला नोकरीला, ती इथं एकटी. वडील गेल्यापासून आई गावाकडं धाकट्या भावाजवळ, व्यंकटजवळ राहायची. गाव सायकलवर तासाभराच्या अंतरावर. दर रविवारी सकाळी तारामती तिथं जायची, आईच्या डोक्याला तेल लावायची, गुडघे चोळून द्यायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. सायकल शर्यतीच्या जातीची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर. सायकल कुणी नुसती हातात धरली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

मागच्या पावसाळ्यानंतर ती पडली. गावाच्या अलीकडं कुणीतरी रस्ता आडवा फोडून पाइप नेला होता आणि वर नुसती माती लोटली होती. पावसानं माती बसली. पुढचं चाक त्या चरात गेलं आणि तारामती हँडलवरून पलीकडं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

मी तिच्या खोलीवर भेटायला गेलो तेव्हा व्यंकट तिथंच बसला होता. त्यानं भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या.

"ताई, सायकल इकून टाक. या वयात कामून जिवाशी खेळ?"

"सायकलीचं मागून बघू. अगोदर रस्ता कुणी फोडला ते सांग. तुझ्याच रानापाशी हाय. मला पोलिसात नाव द्यायचंय."

व्यंकट एक शेंग फोडत राहिला. दाणे काही तोंडात टाकीना.

"व्यंकट?"

"उसाला पाणी नेयाचं होतं. समदेच नेतेत. माती टाकलीय की वर."

मग त्यानं जे म्हटलं ते ऐकून मला, परक्या माणसाला, हात उचलावासा वाटला. तो म्हणाला, "जीप जाती, ट्रॅक्टर जातंय, बैलगाडी जाती. कुणाला काय झालं न्हाई. तुझंच चाक बारीक."

तारामतीनं शेंगांची पिशवी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "जा," एवढंच म्हणाली.

पोलिसात ती गेली नाही. आईचा फोन आला होता, घरातलं घरात राहू दे म्हणून. पण राग काही गेला नाही. रस्ता फोडायचा आमच्याकडं इतका सराव झालाय की फोडणाऱ्याला तो गुन्हा वाटत नाही आणि जाणाऱ्यालाही. त्या चरावरून शिक्षक जातात, ग्रामसेवक जातो. सगळे गाडी हळू करतात आणि पुढं जातात. मीही तसाच जात होतो.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही नांदेडला आनंदराजच्या दुकानात गेलो. सायकल त्याच्याकडूनच घेतलेली. त्यानं पुढच्या चाकाला गती दिली, चाक लटपटलं.

"बाई, हे चाक गेलं. दुसरं घालायचंच तर दोन्ही एक माप लहान घाला, वर जाड टायर."

"लहान कामून? यालाच जाड टायर बसव."

"बसत न्हाई. हे बघा." टायर आणि चाक धरणारा फोर्क यांच्या मधल्या फटीत त्यानं बोट घालून दाखवलं, बोट शिरेना. "रिम लहान घेतली की टायरला जागा मिळती. टायर जाड, म्हणून बाहेरून उंची जवळपास तेवढीच. हवा कमी भरायची, धक्के टायरच खातो. तुमचे ब्रेक डिस्कचे हायेत म्हणून जमतंय. रिमला धरणारे असते तर लहान चाकापर्यंत पोचलेच नसते."

"आणि पळायला?"

"डांबरावर जरा जड वाटंल. खराब रस्त्यावर उलट बरं."

तिनं ते लटपटणारं चाक हातानं थांबवलं. मग माझ्याकडं वळली. "सर, रस्ता त्यानं फोडायचा आणि चाक मी बदलायचं. म्हंजे त्याचंच खरं झालं की."

मी म्हणालो, "मग आईकडं कशानं जाणार? व्यंकट मोटारसायकलवर न्यायला येतो म्हणतोय."

"त्याच्या मागं बसून?" तिनं आनंदराजकडं पाहिलं. "बसव लहान चाकं. आणि हसू नको."

"मी कुठं हसलो?" आनंदराज म्हणाला.

पुढच्या रविवारी काळजीनं मीही स्कूटी घेऊन तिच्या मागून गेलो. चराजवळ ती उतरली नाही. जाड टायर मातीत दबला, वर आला, सायकल पलीकडं. व्यंकट बांधावरून बघत होता. तो खुशीत खाली आला.

"बघ, मी म्हणलं नव्हतं? चाक बदललं की झालं."

तारामती थांबली. एक पाय जमिनीवर टेकून तिनं त्याच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"चाक मी आईसाठी बदललंय. चर तुझा हाय. मुरूम टाकून, ठोकून बुजव."

"बुजवू की. होईल."

घरी गेल्यावर त्यानंच पाण्याचा तांब्या पुढं केला. उसाबरोबर त्या पाइपाचं पाणी आता घरच्या नळालाही येतं, हे त्यानं मला कौतुकानं सांगितलं होतं. तारामतीनं तांब्याला हात लावला नाही. सायकलवरची बाटली काढून आणली, त्यातलं प्यायली आणि आईच्या डोक्याला तेल लावायला बसली. आईनं डोकं पुढं केलं.

चर अजून तसाच आहे. तारामती दर रविवारी जाते. सायकलला पूर्वी पाण्याची एक बाटली होती, आता दोन आहेत.