भाऊंची खुर्ची-परीक्षा

भाऊ शेवटपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांवर राहिले.

मी मात्र त्यांना तसं राहू देणार नव्हते.

आज भाऊंना जाऊन एक वर्ष झालं. भाऊ म्हणजे माझे वडील. अख्खी आळी त्यांना भाऊच म्हणायची, म्हणून आम्हीही. मला ते लाडाने 'बाय' म्हणायचे.

आई गेल्यावर वसईच्या घरात ते एकटेच. घरामागे केळी आणि मोगऱ्याची वाडी. मी विरारला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये.

एकदा भाऊ ओटीची पायरी उतरताना घसरले. हाड मोडलं नाही, पण मी हादरले. विरारची आतली खोली रिकामी केली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. मग त्यांना सांगायला गेले.

"भाऊ, आता एकटं राहणं बस झालं."

"एकटा कुठे? वाडी आहे की."

"वाडी उचलणार आहे का तुम्हाला?"

मी जरा जास्तच बोलले होते.

तेवढ्यात रोशेल आली. शेजारच्या घरातली, फिजिओथेरपिस्ट आहे. लहानपणी तिला सायकल भाऊंनीच शिकवली. आमचे चेहरे बघून तिने काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "भांडू नका. आधी मोजू या."

तिने साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. भाऊंना बसवलं. हात छातीवर घ्यायला लावले.

"अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितकं पूर्ण उठायचं, परत बसायचं. हात टेकायचा नाही. चक्कर आली तर लगेच थांबायचं."

चार.

पाचव्याला हात आपोआप मांडीवर गेला.

"ही खुर्चीच बुटकी आहे," भाऊ म्हणाले.

मग किचनच्या ओट्याशी एका पायावर उभं केलं. रोशेल बाजूलाच होती. तीन सेकंदांत भाऊंनी ओटा घट्ट धरला.

संध्याकाळी मी निघताना फाटकाशी म्हणाले, "बाय, रोज उठतोच की आपण. हात कधी टेकायला लागलो, कळलंच नाही."

मला वाटलं, आता येतील.

पण रोशेलने मध्येच मुदत मागितली. "तीन महिने द्या. मी शिकवते. मग परत मोजू." भाऊ लगेच म्हणाले, "दहा जमले नाहीत तर मी विरारला येतो. शब्द."

मी हो म्हटलं. मनात हेच की चाराचे दहा काही होत नाहीत.

भाऊ ऐंशी पार केलेले. पण वाडीवाला माणूस, वेळेचा पक्का. सकाळी चहा झाला की खुर्ची भिंतीला. पाच वेळा उठायचं, लागलंच तर हात टेकून, दम घ्यायचा, परत पाच. दात घासताना बेसिन धरून एक पाय वर. रोशेल आठवड्यातून दोनदा यायची. चटईवर पडल्यावर उठायचं कसं, तेही तिने शिकवलं.

रोजचा आकडा ते कॅलेंडरवर लिहायचे. मी गेले की गुपचूप बघायचे.

४. ४. ५. ५. ३, ताप.

त्या तीनवर माझी नजर अडकली. पाच लिहिले असते तर कोण बघायला येणार होतं?

तीन महिन्यांनी आम्ही तिघं परत त्याच खोलीत. रोशेलच्या हातात मोबाईलचा टायमर. मोजायला मी.

सात. आठ. नऊ.

भाऊ दहाव्याला उठत होते, अर्ध्याच्या वर आले होते, आणि टायमर वाजला.

"भाऊ, अर्ध्याच्या वर उठलं की धरतात. नियमच आहे तो. दहा!" रोशेल ओरडलीच.

भाऊंनी पूर्ण उभं राहून श्वास घेतला.

"नको गं. नऊच लिही."

मग माझ्याकडे वळले. "ठरलं होतं दहा. बाय, कधी निघायचं?"

चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. दिलेला शब्द होता, एवढंच.

मी तिथे रडले. खरं सांगते, हरल्यासारखं नाही वाटलं. लाज वाटली. या माणसाला मी सामानासारखं उचलून नेणार होते.

म्हटलं, "कुठे नाही जायचं. इथेच राहा."

पुढची अडीच वर्षं भाऊ तिथेच राहिले.

मध्ये एकदा वाडीत पडले, मोगऱ्याच्या वाफ्यात. आसपास कोणी नाही. कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, रांगत पंपाच्या चौथऱ्यापर्यंत गेले, त्याला धरून उठले. मला दोन दिवसांनी सांगितलं. मी चिडले, तर चटई अंथरून कसं उठलो ते करून दाखवलं.

गेल्या वर्षी छातीत कफ झाला. हॉस्पिटलमध्ये चार दिवस. त्याला ना खुर्ची कामाला येणार होती, ना कॅलेंडर.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "बाय, सोडलं की विरारलाच येतो. तू किती धावशील?"

मी म्हटलं, "नाही भाऊ. आपल्या घरी जायचं. मीच येते तिकडे राहायला."

"येशील?"

"येईन."

हसले. माझा हात हातात घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तुमच्या घरी कोणी वयस्क असेल, तर त्यांच्याबद्दल काही ठरवण्याआधी एकदा शेजारी उभं राहून मोजा. आणि मग त्यांना थोडा वेळ द्या.

भाऊ, मनापासून नमस्कार. शांत असा.

तुमची बाय