धुतलेल्या टेपा

मेस्त्री लिफ्टचे. अडतीस वर्षं उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीस आणि काजळीत गेली, आणि उरलेलं आयुष्य एका बाईच्या आवाजात गेलं. ही बाई म्हणजे त्यांची बायको नव्हे. तसं असतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

बाई गायिका होती. पोस्टरवर तिचं खरं नाव असायचं, पण चाहते तिला ‘घोगरी’ म्हणत, आणि तेही प्रेमाने. आवाज असा, की आत्ताच झोपेतून उठून कुणाला तरी खडसावते आहे. मागे दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि एक ट्रम्पेटवाला, जो निम्मा कार्यक्रम खुर्चीवर बसूनच काढायचा. तिचे सात अल्बम निघाले. चाहते ते कव्हरच्या रंगावरून ओळखत. निळा, पिवळा, विटकरी वगैरे. निळ्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. मेस्त्री नाक मुरडायचे. म्हणायचे, निळ्यात आवाज घासूनपुसून ठेवलाय, पिवळा ऐका. पिवळ्याच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात ट्रम्पेटवाला चुकून आधीच घुसतो आणि घोगरी हसू दाबत पुढची ओळ म्हणते. त्या दाबलेल्या हसण्यासाठी मेस्त्रींनी पिवळ्याच्या तीन कॅसेट झिजवल्या.

पण अल्बम म्हणजे काय, फोटोतली बाई. खरी बाई स्टेजवर. मेस्त्रींनी तिचे त्रेसष्ट कार्यक्रम ऐकले आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट टेप केले. त्या काळी कुणी अडवत नसे. मांडीवर हातरुमाल, रुमालावर टेपरेकॉर्डर, आणि मेस्त्री असे ताठ बसायचे की पोटातलं पाणी हलू नये. कॉलेजच्या हॉलमधला कार्यक्रम, मैदानावरचा, बंद पडायला आलेल्या थिएटरातला, एकदा तर जत्रेसारख्या गर्दीत पत्र्याच्या शेडखालचा. कुठला कार्यक्रम चांगला झाला असं विचारलं की ते तारीख सांगायचे, आणि त्या दिवशी तिने कुठल्या गाण्याचं कुठलं कडवं गाळलं तेही सांगायचे. ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

आता यात एक भानगड होती, आणि ती या टेपवाल्या लोकांशिवाय कुणाला सुचली नसती. गावोगावचे चाहते एकमेकांना पोस्टाने टेपा पाठवत, आणि कुणाची टेप किती ‘स्वच्छ’ यावर त्या माणसाची पत ठरत असे. टेपमध्ये खोकला ऐकू आला, खुर्ची करकरली, कुणी ‘अरे वा’ म्हणालं, की ती टेप मळकी. मेस्त्रींच्या टेपा सगळ्यांत स्वच्छ. लोक म्हणायचे, मेस्त्री टेपा धुतात. धुण्याची पद्धत अशी. कार्यक्रमानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर जोडायचे. एकात मूळ टेप, दुसऱ्यात कोरी. गाणं आलं की कोरी चालू, माणसाचा आवाज आला की थांबवायची. दीड सेकंदाचं शिंकणं काढायला मेस्त्री अर्धा तास खपायचे. एका वहीत मशीनवर फिरणारे आकडे लिहायचे, कुठून कुठपर्यंत काय काढलं. आणि मग ती मूळ टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायचे, कारण तसल्या जाड पट्टीच्या टेपा पुन्हा मिळायच्या नाहीत.

या सगळ्या कार्यक्रमांना बायको बरोबर असायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हीच तिची नोकरी. तोंडाचा पट्टा घरी आल्यावरही चालू. तिला घोगरी आवडायची की नाही, देव जाणे. मेस्त्रींनी कधी नीट विचारलं नाही. ती यायची, त्यांच्या डावीकडे बसायची आणि बोलायची. “अहो, ही श्वास कुठून घेते हो?” “अहो, त्या ट्रम्पेटवाल्याला कुणीतरी झोपायला पाठवा.” “हे गाणं आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकांवर लिहिलंय बघा.” आणि दर सुट्टीला मेस्त्री हे सगळं एकेक करून काढून टाकायचे.

एका कार्यक्रमात थिएटरचे दिवे गेले. माइकही गेला. लोक उठायला लागले, तेवढ्यात घोगरी स्टेजच्या कडेला येऊन बसली आणि एकाच गिटारवर तशीच गायला लागली. मेस्त्रींचं मशीन बॅटरीवर. दुसरं कडवं संपलं, अंधारात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, आणि त्या शांततेत बायको काहीतरी बोलली. अख्खी रांग खो खो हसली. स्टेजवरून घोगरीही हसली म्हणतात.

मेस्त्री नाही हसले. ते हसणं गिटारच्या सुरांत मिसळलेलं होतं, ते सुटं करता करता दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, “तुला कळत नाही का गं, आयुष्यात एकदाच असं होतं.” बायको “बरं” म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. ती टेप ‘अंधारातली’ म्हणून चाहत्यांमध्ये गाजली. लांबलांबून पत्रं आली. एकाने लिहिलं, मेस्त्री, थिएटरात तुम्ही आणि ती, असे दोघंच होतात की काय! मेस्त्रींची छाती फुगली. ते पत्र त्यांनी काच लावून भिंतीवर टांगलं.

बायको जाऊन आता आठ वर्षं झाली. तीन आठवड्यांचं आजारपण. घोगरीचे कार्यक्रम तर त्याआधीच थांबले होते.

गेल्या महिन्यात मुलगी घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “बाबा, मला आईचा आवाज आठवत नाहीये.”

“म्हणजे काय?”

“ती काय बोलायची ते आठवतं. सगळं आठवतं. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. परवा भाजी घेताना एकदम लक्षात आलं. मी तिथेच पिशवी घेऊन उभी राहिले.”

मेस्त्रींनी मनातल्या मनात बायकोला हाक मारून बघितली. “अहो” कुठे म्हणायची, कसं लांबवायची, सगळं माहीत होतं. ऐकू मात्र काही आलं नाही. सातव्या मजल्यावर लिफ्ट कुरकुरली तर तळमजल्यावरून कुठली चकती झिजली ते सांगणारा हा माणूस. पण मुलीसमोर ते हसले आणि म्हणाले, “एवढंच ना? अगं, कपाटभर टेपा आहेत घरात. शेजारी बसून अखंड बडबड करायची ती. किती हवाय आवाज तुला?”

मुलीने आपल्या लग्नाची फिल्म आधीच बघितली होती. तिच्या लग्नात आई प्रत्येकाशी बोलताना दिसत होती, पण फिल्मवाल्याने वर गाणी चढवली होती. गाणी मेस्त्रींनीच निवडून दिली होती. आईचे ओठ हलत होते आणि आवाज घोगरीचा येत होता. घरात व्हिडिओ काढायचे फोन आले तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं.

मुलगी गेली आणि मेस्त्रींनी कपाट उघडलं. एकेक टेप लावत गेले. जेवण, झोप एवढंच काय ते मधे. आणि टेपा स्वच्छ निघाल्या. गाणं संपायचं आणि लगेच दुसरं सुरू व्हायचं, मधे श्वासभरही जागा नाही. इतकी वर्षं ज्याचा अभिमान वाटला ते काम त्यांनी किती चोख केलंय हे आता त्यांच्या लक्षात येत होतं. दहाव्या टेपेनंतर त्यांनी वह्या काढल्या. तिथे ती सापडली. पानोपानी सापडली. ‘११८ ते १२२, सौ. बोलली, काढले.’ ‘२०५, सौ. हसली, काढले.’ ‘२४० ते २६३, सौ.चे चालूच, काढले.’ अंधारातल्या टेपेच्या पानावर ‘३४७ ते ३६१, सौ. व इतर’ असं लिहिलं होतं. चौदा आकड्यांएवढं काहीतरी ती बोलली होती, रांगभर माणसं हसली होती, आणि ती काय बोलली हे मेस्त्रींना आठवत नव्हतं. ते दोनदा ऐकून, दहादा ऐकून, त्यांनीच पुसलं होतं. वही मांडीवर घेऊन बसल्या बसल्या आपण किती कोडगे होतो हे त्यांना स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी फोन मुलीचाच आला. “बाबा, मी पहिल्या पगारातून तुम्हाला ते छोटं मशीन घेऊन दिलं होतं, त्याचं काय झालं?”

मेस्त्री उठून उभेच राहिले. ते छोटं मशीन! काडेपेटीएवढं, त्यात टेपच नसायची. शेवटचे नऊ कार्यक्रम त्यावरच घेतलेले. त्यात काटछाट करायची तर कॉम्प्युटर लागणार, आणि ते मेस्त्रींना काही जमलं नव्हतं. लाज वाटून त्यांनी ते नऊ कार्यक्रम कुणाला दिलेच नव्हते. मळके होते. पूर्ण मळके, मध्यंतरासकट!

“आहे,” ते म्हणाले. “आहे गं. धुतलेलंच नाही ते.” पलीकडे मुलगी रडत होती की हसत होती, कळलं नाही.

रविवारी सकाळीच ते मुलीच्या घरी गेले. तिने मशीन जोडून ठेवलं, दार लोटून घेतलं, आणि दोघं टेबलाशी बसले. नऊ कार्यक्रम म्हणजे जवळजवळ सव्वीस तास. पण गाणी वगळून मधलंच ऐकायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मेस्त्री गाणी पुढे ढकलत होते आणि खोकले ऐकत होते.

खोकले भरपूर होते. खुर्च्या होत्या, कागदी पिशव्यांची चुरचुर होती, एक लहान मूल होतं, कुणाचा तरी फोन वाजत होता. मेस्त्री स्वतः होते. “हे विटकरीतलं.” “ड्रमवाला नवीन दिसतोय.” “आवाज बसलाय आज हिचा.” “पाणी दे जरा.” मग बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. मग मेस्त्रींचा घोट. पुन्हा झाकण.

“हे आईने दिलं ना?” मुलगी म्हणाली.

“हो.”

पहिला कार्यक्रम संपला. दुसरा, तिसरा संपला. दुपार झाली. मुलीने भात टाकला, तो तसाच राहिला. चौथ्यात मेस्त्री विचारताना ऐकू आले, “आवडलं का गं?” दोघं पुढे झुकले. काहीच नाही. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. “हे पुढचं ऐक,” असं मेस्त्री म्हणाले आणि गाणं सुरू झालं.

“मान हलवली असेल,” मुलगी म्हणाली.

“हो. मान हलवायची ती.”

हे म्हणताना मेस्त्रींना आता आठवत होतं. मान हलवायची. हात दाबायची. एकदा तर हाताच्या पंजावर बोटाने अक्षरं काढून विचारलं होतं, किती वाजले. हे कधीपासून, ते मात्र आठवेना. घरी तर शेवटपर्यंत बोलत होती, आजारातसुद्धा बोलत होती.

पाचवा, सहावा, सातवा, आठवा. मुलीने आता गाल हातावर टेकवला होता. नवव्यात मध्यंतर लांबलं होतं. लोक उठून जात-येत होते. कुणीतरी बाई अगदी जवळ येऊन बसली. तिचा आवाज स्वच्छ आला, या खोलीत बसल्यासारखा. “काय वहिनी, तुम्हालाही आवडते का ही, की यांच्यासाठी येता?”

मुलीने मेस्त्रींचं मनगट पकडलं.

एक सेकंद. दोन सेकंद. तीन.

मग मेस्त्रींचाच आवाज, मोठा, खुशीतला. “मशीन चालू असलं की आमची ही तोंड उघडत नाही. घरी या, ऐकून कान किटतील. पण इथे? वीसेक वर्षांत एक शब्द नाही.”

“कमाल आहे हो.”

“तयार केलीय,” मेस्त्री म्हणाले, आणि ती बाई हसली, आणि मेस्त्रीही हसले.

मुलीने मनगट सोडलं. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. “बंद करा, बाबा,” ती म्हणाली.

मेस्त्रींचा हात बटणापर्यंत गेला. तेवढ्यात मशीनमध्ये टाळ्या पडल्या, गिटार वाजली आणि घोगरीने पहिली ओळ उचलली. सकाळपासून गाणी पुढे ढकलली होती खरी, पण चाळीस वर्षांत तिचं गाणं सुरू झाल्यावर मेस्त्रींनी मशीन कधी बंद केलं नव्हतं. बोट बटणावर होतं आणि दाबलं जात नव्हतं. त्यांनी जोर लावून बघितला. मुलगी समोर बसून त्या बोटाकडे बघत होती. गाणं चांगलं साडेपाच मिनिटांचं होतं, आणि दोघांनीही ते पूर्ण ऐकलं.