शेवटचा रकाना

मी चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण आमचे घर मासेमारीचे. तळ्याचे पाणी उतरले की जाळे ओढायला माणूस लागे, आणि तो माणूस मी. तरी पलटणीत मला लिहिण्याचे काम मिळाले. ते कोणी दया म्हणून दिले नाही, अक्षर चांगले होते म्हणून दिले. हे आधीच लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगितले की नातवंडे हसतात.

पन्नास सालानंतरची गोष्ट. फौजेत तोवर हिंदी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत. ती जाऊन नागरी अक्षरे येत होती. जुन्या शिपायांची पंचाईत झाली आणि माझे फावले. त्यातच पलटणीचा सराव आमच्याच चांदा जिल्ह्यात लागला. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. एटापल्लीच्या अलीकडे जंगलखात्याचा एक बंगला होता. त्याच्या पुढच्या खोलीत ऑपरेशन रूम थाटली. मधे टेबलावर नकाशा, एका कोपऱ्यात टेलिफोन, दुसऱ्यात वायरलेस, आणि खिडकीशी मी, लॉग घेऊन.

लॉग म्हणजे दिवसभरात जे होईल ते होईल तसे लिहायचे. किती वाजता, कोणाकडून, कोणाला, काय. आणि शेवटच्या रकान्यात, त्यावर काय केले. खोडरबर त्या खोलीत आणायची मनाई होती. चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही.

हे काम मला एका हवालदाराने शिकवले. साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या झालेल्या. शाळा माझ्याहूनही कमी पाहिलेली असावी. मी त्यांना वस्ताद म्हणे. पाळी बदलताना त्यांची एक रीत होती. ज्या नोंदीचा शेवटचा रकाना रिकामा, ती ते उभ्याने मोठ्यांदा वाचत. तो भरल्याशिवाय ताबा घेतल्याची सही करत नसत, आणि त्यांची सही नाही तोवर आपण खुर्चीवरून उठायचे नाही.

यावरून आमचे रोज वाजे. एकदा मी लिहिले, लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, अस्वल आले.

“अस्वल आलं. पुढं?” वस्ताद म्हणाले.

“गेलं असेल न वस्ताद.”

“मग तसं लिव. ‘गेलं असंल.’ अन् खाली सही कर, म्हंजी रातच्याला आचाऱ्याला खाल्लं तर कुणाला धरायचं ते कळंल.”

मला जाऊन पाहून यावे लागले. अस्वल गेले होते. गुळाची भेलीही गेली होती. मी दोन्ही लिहिले.

मी हट्टी माणूस. मला वाटे, लिहिणाऱ्याचे काम लिहिण्याचे. ऐकले ते खरे उतरवले की झाले. आजही माझ्या लिहिण्यात कोणी खोट काढून दाखवावी.

चैत्र लागला होता. नाल्यापलीकडच्या रानात मॉर्टारचे गोळे टाकायचा सराव ठरला. आसपासच्या गावांत कोतवालांनी डफडे वाजवून मुनादी दिली, दोन दिवस कोणी नाल्यापलीकडे जायचे नाही. कप्तानसाहेब गोळे टाकणाऱ्या तुकडीबरोबर पुढे होते. सकाळची माझी पाळी संपत आली होती आणि मला सुट्टी मंजूर झाली होती. आरमोरीजवळच्या आमच्या गावी मला मुलगी झाली होती. तिचे तोंड मी अजून पाहिले नव्हते. रेशनचा ट्रक आठवड्यातून एकदा त्या वाटेने जाई. तो बाहेर उभा होता आणि माझी पेटी त्यात आधीच चढली होती.

तेवढ्यात एक कोतवाल धापा टाकत आला. पायात काही नाही, धोतर गुडघ्यापर्यंत दवाने ओले.

“भाऊ, आमच्या गावची बुढी मोहावर गेली न! नाल्याच्या पल्याड!”

“मुनादी नाई देल्ली का तुम्ही?”

“देल्ली न भाऊ. तिच्या दारात उभा राहून देल्ली. थे म्हणते, मोह रात्री गळते, सकाळी नाई उचललं तर हरणं खातेत. तुह्या साहेबाले सांग, म्हणते, हरणायले मुनादी दे.”

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मोहाचे झाड रानात असले तरी ते घरचे असते. अमक्याचे झाड, तमकीचे झाड. दुसरा कोणी खालचे फूल उचलत नाही. झाडाखालची जागा अंगणासारखी झाडून ठेवलेली असते. म्हातारी आपल्या अंगणात गेली होती, आणि थोड्या वेळात त्या अंगणाच्या आसपास गोळे पडणार होते.

मी वेळ टाकून नोंद केली. टेलिफोनवाल्याने हँडल फिरवले, ओरडून निरोप दिला आणि चोंगा खाली ठेवला.

“बोल दिया. ठीक है बोला.”

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. वस्ताद ताबा घ्यायला आत आले. नेहमीसारखे उभ्याने वाचू लागले आणि या नोंदीवर थांबले.

“शेवटचा रकाना?”

“निरोप दिला वस्ताद. ठीक है म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

मी टेलिफोनवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, “उधर से बोला, हवालदारजी. आवाज साफ नहीं थी.”

“कप्तानसाहेब बोलले का?”

“नहीं... कोई जवान होगा.”

“मग रकाना रिकामा.”

पुन्हा हॉर्न. मी म्हणालो, “वस्ताद, ट्रक हॉर्न मारून राह्यला न! मले पोरगी पाह्याची आहे!”

“मारून राह्यला तर राहू दे,” ते माझीच बोली करून म्हणाले. “तुझी पोरगी पाळण्यात हाय. म्हातारी कुठं हाय ते मला सांग.”

त्यांनी पुन्हा हँडल फिरवायला लावले. पलीकडून कोणी उचलेना. मग वायरलेसवाल्याला उठवून स्वतः त्याच्या डोक्याशी उभे राहिले. चार हाका मारल्यावर कप्तानसाहेब बोलले. त्यांचा आवाज अजून कानात आहे, कारण तो सगळ्या खोलीने ऐकला.

“कौनसी बुढिया? हमको कोई मेसेज नहीं मिला!”

नंतर कळले ते असे. तार जंगलातून टाकलेली, मधे एका झाडाखाली एक जवान टेलिफोन घेऊन बसलेला. पुढची तार माकडांनी तोडली होती. ‘ठीक है’ म्हणाला तो हा मधला. पुढे फोन लागेना म्हणून बिचारा निरोप घेऊन पायी पळत निघाला होता. त्याचीही चूक नव्हती. पण तो पोचला तेव्हा आम्ही वायरलेसवर बोलून बराच वेळ झाला होता. आम्ही बोललो तेव्हा गोळे नळीशी मांडलेले होते. कप्तानसाहेबांनी हात वर करून थांबवले.

ट्रक निघून गेला. माझी पेटी घेऊन गेला. मी खुर्चीवरच होतो.

म्हातारीला आणायला जवान गेले. वायरलेस गप्प. वस्ताद खिडकीत उभे, मी हातात टाक धरून. कोतवाल उंबऱ्यावर बसून पुटपुटत होता, “थे येत नाई, पाहा. टोपली भरल्याशिवाय येत नाई.”

आणि तसेच झाले. वायरलेसवर कप्तानसाहेब हसत होते. म्हातारी झाडाखाली बसून फुले वेचत होती आणि उठायला तयार नव्हती. “काऊन रे बाबू,” तिने जवानांना विचारले होते, “माह्या झाडाखाली तुमचं काय काम?” शेवटी सगळी तुकडी खाली वाकून फुले वेचायला लागली, तेव्हा तिची टोपली भरली. जवानांच्या टोप्याही भरल्या. मग बाई निघाली, पुढे बाई आणि मागे फौज.

बंगल्यासमोरून जाताना तिने कोतवालाला चार शब्द ऐकवले आणि आमच्या खिडकीवर ओंजळभर फुले ठेवली. ओली, पिवळट, दारूसारख्या गोड वासाची.

“आता लिव,” वस्ताद म्हणाले.

मी लिहिले: कप्तानसाहेबांनी वायरलेसवरून उत्तर दिले. मारा थांबवला. बाई सुखरूप, टोपलीसह.

‘टोपलीसह’वर त्यांनी बोट ठेवले. मला वाटले खोडायला लावतात. पण त्यांनी मान हलवली आणि ताब्याची सही केली.

मग मी निघालो. गडचिरोलीपर्यंत लाकूड वाहणाऱ्या गाड्यांवर, पुढे पायी. घरी पोचायला उशीर झाला म्हणून बायको रागावली. मुलगी मात्र माझे बोट धरून बसली. सोडेचना.

मी शाळेबद्दल कोणाचे उपकार मानत नाही, कारण शाळेने मला फार दिले नाही. पण त्या सातारकराचे मानतो. मला ट्रकमध्ये चढू दिले असते तर मुलीच्या मुठीत ते बोट मी कसे दिले असते, हा विचार मी करत नाही, करवत नाही. मी लिहिले ते बरोबर होते. ते पुरे नव्हते, आणि ते पुरे होईपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही.

आता तीच मुलगी आजी झाली आहे. फोनवर म्हणते, “बाबा, निरोप देल्ला, ठीक आहे म्हणाले.”

मी विचारतो, “कोण म्हणालं?”

ती चिडते. पण विचारून येते.