न भरलेला डाग

डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या पावलावर वरच्या बाजूनं दोन बोटं ठेवली. मग डाव्या पायावर ठेवली. मग परत उजव्यावर. "काका, या पायात नाडी लागत नाही," त्या म्हणाल्या.

नाडी हाताला असते एवढंच मला ठाऊक. पायालाही असते आणि ती नाहीशीही होते, हे त्या दिवशी बीडच्या दवाखान्यात कळलं.

मी नेकनूरकडचा मेंढपाळ, दिवसभर मेंढरांमागे चालणारा. असले रक्ताचे आजार बसून खाणाऱ्यांना होतात, अशी माझी पक्की समजूत. वर्षभरापासून मात्र थोडं चाललं की उजवी पोटरी आवळून यायची आणि थांबलो की दोन मिनिटांत मोकळी व्हायची. पुढे पुढे तर मी थांबलो की मेंढरंही थांबायला लागली.

आमच्याकडे अशा दुखण्याला एकच औषध, डाग. विळा तापवायचा आणि दुखऱ्या जागी टेकवायचा. वस्तीवर डाग देणारा मीच. माणसं काय, जनावरं काय, किती जणांना चटके दिले असतील! स्वतःच्या पोटरीला हात नीट पोचेना, म्हणून धाकट्या भावाला, म्हसूला, विळा धरायला लावला.

"दादा, लई खोल न्हाई ना गेला?" तो घाबरून म्हणाला. मी त्यालाच हसलो. आठ दिवसांत खपली धरते, हे मला तोंडपाठ होतं.

महिना झाला तरी खपली धरेना. जखमेची कड काळी पडली. मग अंगठाही काळानिळा दिसायला लागला, तेव्हा बायकोनं माझं काही न ऐकता मला एसटीत बसवलं.

डॉप्लर केलं. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी, फक्त रक्त कुठवर वाहतंय ते दाखवते. आजाराचं नाव निघालं अथेरोस्क्लेरोसिस. डॉक्टरबाई शेतकऱ्याच्या घरातल्या असाव्यात, त्यांनी ठिबकच्या नळीवरून समजावलं. "बिडीच्या धुरानं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं. तिथं चरबी रुतते, थरावर थर चढतो, मग त्यात क्षार बसून तो कडक होतो. वर्षानुवर्षं हे चालतं आणि माणसाला पत्ता नसतो. नळी चोंदली की शेवटचं झाड आधी वाळतं ना? तसा तुमचा अंगठा."

"आन् डाग कावून भरंना?"

"जिथं रक्तच पोचत नाही, तिथं जखम भरणार कशी?"

मी मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी ओढतोय. म्हसूला पहिली बिडी मीच दिली होती.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवताना त्या म्हणाल्या, "पाय वाचवायचा प्रयत्न होईल. शब्द देता येणार नाही."

तिथं तीन दिवस वाट पाहिली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय गुडघ्यापासून काढलेला होता. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. पाय गेला तर मेंढरांमागे कोण, हा एकच विचार. पांघरुणाखाली सारखी बोटं हलवून बघायचो. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे जांघेतून बारीक तार घालून आत फुगा फुगवतात आणि रक्ताची वाट रुंद करतात. अंगठा गेला, पण पाय राहिला. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं माझंच बोट माझ्या पायावर नेऊन ठेवलं. नाडी उडत होती. मी लेकरासारखा रडलो.

चालताना पोटरी धरते आणि थांबलं की सोडते, असं कुणाला होत असेल, तर त्याला थकवा समजू नका. डाग तर मुळीच देऊ नका. माझी बिडी सुटली. विळा आता फक्त पाला तोडायला. तरी लोक डाग मागायला येतात. मी आधी पायावर बोट ठेवतो, नाडी लागली नाही की बीडला पिटाळतो.

गेल्या आठवड्यात म्हसू आला. "दादा, पोटरी लई दुखायली. एक डाग दे."

त्याला बसवलं, चप्पल काढायला लावली. बोट ठेवलं. जरा वर सरकवलं, जरा खाली. माझीच जागा चुकत असेल, असं म्हणून परत ठेवलं.

"काय बघायलास, दादा?"

मी त्याच्या खिशातलं बिडीचं बंडल काढून घेतलं. म्हणालो, "चप्पल घाल. बीडची गाडी धरायचीय."